चाळिशी-पन्नाशीत दिवस बरा जावा म्हणून तुम्ही रोज काय करता?

पोवईनाका
नमस्कार मंडळी.
वय ४७, नोकरी साताऱ्यातच. मुलगी शिकायला पुण्यात, आई-बाबा आमच्याजवळ, घराचे हप्ते संपत आलेत. बोट दाखवावं असं दुःख नाही. पण गेल्या वर्षा-दीड वर्षात दिवस नुसता पार पडतो. उठायचं, डबा घेऊन निघायचं, सातला परत, जेवण, मोबाइल, झोप. रविवारी तर उलट जास्त रिकामं वाटतं.

थोडं वाचलं. २००८ साली ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सत्तरहून जास्त देशांतली माहिती तपासून मांडलं होतं की समाधानाचा आलेख तरुणपणी वर असतो, चाळिशीच्या मध्याला तळाशी जातो आणि पुढे पुन्हा चढतो. त्यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण मला तेवढ्यानं धीर आला.

जिम, परदेश सहल, नवी गाडी असले उपाय नकोत. साध्या कामाच्या मंगळवारीसुद्धा जमेल, खिशाला चाट नाही, असं तुम्ही रोज काय करता? आणि मुख्य म्हणजे ते टिकलं कशामुळे? सातारा-सांगलीकडच्यांनी जरूर लिहा, म्हणजे इथं करता येण्यासारखं कळेल.

किल्लेदार_५२
अजिंक्यतारा!

सहाला पायथा, डांबरी रस्त्यानं वर, मंगळाईच्या देवळापर्यंत, आणि साडेसातच्या आसपास घरी. हवा स्वच्छ असेल तर यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, नांदगिरी, चंदन-वंदन असे आसपासचे डोंगर-किल्ले एकेक ओळखत पाच मिनिटं थांबायचं. वर असेपर्यंत ऑफिस आणि राजकारण बंद, हा आमचा नियम.

टिकलं कशामुळे ते सांगतो. आम्ही पाच जण आहोत. एखादा आला नाही तर बाकीचे चौघं त्याच्या घरावरून जातात आणि बेल वाजवतात. जानेवारीच्या थंडीत अंथरुणातून उठायला स्वतःचा निश्चय पुरत नाही, खाली उभी असलेली माणसं पुरतात. आमच्यातल्या एकाची बायपास झाली तेव्हा त्याला चढ बंद होता. मग तो बरा होईपर्यंत सगळेच गोडोली तळ्याला सपाटीवर फिरलो. किल्ला कुठं जात नाही.

मोती_चौक
+१ किल्लेदार. फक्त उतरल्यावर मिसळ हाणायची नाही, नाहीतर परत वर जावं लागतं :)

निशिगंधा_स
मी रोज रात्री झोपायच्या आधी वहीत त्या दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहिते. पाच मिनिटांचं काम. सलग २१ दिवस केलं की सवय लागते, मग सांगावं लागत नाही. पोवईनाकादादा, नक्की करून बघा.

विश्रामबाग_मास्तर
निशिगंधाताई, वही उत्तम. पण ते २१ दिवसांचं मात्र सोडून द्या, त्यानं लोक उगाच खचतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहणी केली, २००९ साली ती प्रसिद्ध झाली. जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी पळणं असली साधी कामं. ती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात खोट आहे असं अजिबात नाही.

त्याच अभ्यासातली मला जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे दर वर्षी सांगतो. एक दिवस बुडाला म्हणून वहीच फेकून देणारी मुलं मी फार पाहिलीत, आणि मोठी माणसं त्याहून जास्त.

आणखी एक. ठरलेल्या वेळेपेक्षा ठरलेल्या प्रसंगाला बांधलेलं काम बरं टिकतं. "रोज थोडं चालेन" यापेक्षा "रात्रीचं ताट उचललं की चप्पल पायात".

निशिगंधा_स
धन्यवाद मास्तर, हे माहीत नव्हतं. एक विचारू? माझ्या वहीत हल्ली रोज तेच येतं. मुलं, घर, तब्येत. लिहिताना काही वाटेनासं झालंय.

विश्रामबाग_मास्तर
मग रोज लिहू नका. एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रयोगात एक गट आठवड्यातून एकदाच लिहायचा, तरीही कटकटींची यादी करणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपलं आयुष्य बरं वाटत होतं. आणि 'मुलं' असं मोघम न लिहिता, आज कोण काय बोललं ते लिहा. "धाकट्यानं न सांगता भांडी पुसली." दहा वर्षांनी वाचायलाही तेच लागेल.

वांगी_भात
सगळं वाचलं. छान आहे. आता माझं ऐका.

वय ५०, सांगली. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणावर. सकाळी सहाला त्यांचं आवरणं, डायपर, गोळ्या, मग दोन डबे, मग माझी शाळा. किल्लेदारदादा, तुम्ही पाच जण सहाला निघता तेव्हा तुमच्या पाच घरांत चहा कोण टाकतं, डबे कोण भरतं, आई-वडिलांना उठवतं कोण? हे टोमण्यानं विचारत नाही, खरंच विचारतेय. कारण माझ्या ओळखीत सकाळी फिरायला जाणारे बहुतेक पुरुष आहेत आणि ज्या बायका जातात त्यांची मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली आहेत.

छोट्या सवयींनी समाधान मिळतं हे मला मान्य आहे. पण सवय लावायला रोज स्वतःच्या मालकीची वीस मिनिटं लागतात. ती ज्याच्याकडे नाहीत त्याला "वहीत तीन गोष्टी लिही" म्हणणं मला पटत नाही. आधी त्या वीस मिनिटांचं बोला.

शेंदूरजणे_पाटील
वैनी, तुमचं बरोबर असंल, पर बायकांनी पण यावं की किल्ल्याला. अडीवलंय कुणी?

वांगी_भात
पाटील, अडवत कोणीच नाही हो. सोडवतही कोणी नाही.

मोती_चौक
+१००

सदरबझार
ताईंच्या प्रतिसादाला उभं राहून नमस्कार.

किल्लेदार_५२
ताई, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरळ देतो. आमच्या पाचातल्या दोघांच्या घरी डबाच नसतो, ते निवृत्त आहेत. एक जण येताना दूध-भाजी घेऊन येतो आणि नाश्ता तोच करतो. माझ्याकडे वडिलांचं सकाळचं सगळं मीच करतो, पण ते साडेसातनंतर उठतात म्हणून मला जमतं. पाचव्या घराचं मला माहीत नाही, उद्या वर गेल्यावर विचारतो. वर घरातल्या कामाचं बोलायला बंदी नाही आमच्यात.

मिरजेची_अरुंधती
वांगी_भात, तुमचं वाचून गलबलून आलं. माझी गोष्ट वेगळी आहे, तरी सांगते.

मी मिरजेत राहते. आमच्या भागात सतारी-तंबोरे तयार होतात. त्यासाठी लागणारे मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे वाळत टांगलेले लहानपणापासून बघत आले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आमच्या दर्ग्यात, दर वर्षी तिथं गाणं होतं. एवढं सगळं दाराशी असून मी कधी तंबोरा हातात घेतला नव्हता. पंचेचाळिशी उलटल्यावर घेतला.

गाणं शिकायचं असं ठरवलंच नाही. फक्त जुळवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं छेडत षड्ज लावून बसायचं. जवारी, म्हणजे तारेचा घोडीवरचा स्पर्श, नीट लागली की तारेतून जो झंकार येतो, त्यानं दिवसभराचं डोक्यातलं बोलणं थांबतं. प्रगती होतेय का हे मी मोजत नाही. आमच्या वयात प्रत्येक गोष्टीत कुणीतरी निकाल मागत असतं, मुलांचा, नोकरीचा, तब्येतीच्या तपासणीचा. निकाल नसलेलं एक काम रोज हवं, असं माझं मत झालंय.

भडंग_प्रेमी
मिरजेचा विषय निघालाच आहे तर सांगलीचं भडंग विसरू नका. रोज संध्याकाळी वाटीभर भडंग, कच्चा कांदा, गॅलरीत बसून. यापेक्षा छोटी आणि सुखाची सवय दाखवा.

मोती_चौक
कंदी पेढा. विषय संपला.

भडंग_प्रेमी
पेढा रोज खाल्ला तर डॉक्टर रोज दिसतील. भडंगात शेंगदाणे तरी आहेत.

शेंदूरजणे_पाटील
दोन्ही आणा, मग ठरवू.

डॉक्टर_मावशी
आलेच मी, पेढ्याचं नाव काढल्यावर :)

आता गंभीर. पोवईनाका, तुम्ही लिहिलेलं "नुसता पार पडतो" दवाखान्यात मी बऱ्याचदा ऐकते. सवयी लावा, पण त्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. यातलं काही बिघडलं असलं तरी माणूस असाच मरगळतो आणि त्याला वाटतं वय झालं. बायकांमध्ये पाळी जाण्याआधीची काही वर्षं झोप मोडणं, धडधड, विनाकारण रडू येणं हे सगळं असतं आणि घरात त्याला 'स्वभाव' म्हणतात. ते अंगावर काढू नका, त्यावर उपचार आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, आवडणारं काहीच आवडेनासं झालं असेल, झोप-भूक बदलली असेल तर ते चालून आणि वहीत लिहून निघून जाईल म्हणून वाट बघू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारचा टेली-मानस १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि वांगी_भात, काळजी घेणाऱ्याचीही तब्येत बिघडते. तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलंत?

वांगी_भात
आठवत नाही मावशी.

डॉक्टर_मावशी
मग या आठवड्यात बघा. शाळेजवळच्या कुठल्याही दवाखान्यात, मधल्या सुट्टीत. आणि आकडा मला इथं कळवा.

तासगाव_बागायतदार
मी द्राक्षवाला. आमच्यात मधलं वय, उतारवय असं काही नसतं, दोनच काळ असतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की झोप गेली. डावणी हा बुरशीचा रोग आला तर चार दिवसांत घड कुजतो. रात्री दोन वाजता उठून ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचा आणि औषध मारायचं. अशा दिवसांत कोणी सुखाच्या सवयी सांगितल्या तर पूर्वी राग यायचा.

आता एक करतो. फवारणीची वही रोज लिहावीच लागते, कुठलं औषध, किती लिटर, किती वाजता. त्याच पानाच्या खाली एक ओळ बागेची नाही अशी लिहितो. "आज पोरीनं भाकरी केली, गोल झाली." "बांधावर भारद्वाज दिसला." वही तर उघडायचीच असते, त्यामुळं आठवण ठेवावी लागत नाही. मास्तर म्हणतात ते प्रसंगाला बांधणं हेच असावं.

गेल्या हंगामात माल बऱ्यापैकी वाया गेला आमचा. तेव्हाही ती ओळ लिहिली. दुःख कमी झालं म्हणत नाही. पण त्या वर्षात फक्त नुकसानच झालं असं आता वही बघून म्हणता येत नाही.

विश्रामबाग_मास्तर
बागायतदार, यापुढे मी वर्गात लंडनच्या आधी तुमची वही सांगेन.

आयर्विन_पूल
सांगलीवाल्यांना कळेल म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. आमच्या घरात पहिला मजला बुडाला. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, त्यात आम्ही लहानपणी आणलेली होती. त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात माझा हात दर अर्ध्या तासानं फोनकडे जायचा. कोयनेतून किती सोडलं, पुलाला किती फूट, कुठल्या ग्रुपवर काय आलं.

आता पावसाळ्यात पातळी दिवसातून दोनदा बघतो, सकाळी चहाच्या वेळी आणि संध्याकाळी सातला, तीही पाटबंधारे खात्याची. अफवांचे ग्रुप बंद करून ठेवलेत. सामान वर न्यायची यादी कपाटाला आतून चिकटवलेली आहे, म्हणजे ४० फूट झालं की काय करायचं ते ठरलेलं. उरलेला वेळ माझा. धाग्यात सगळे काय सुरू करावं ते सांगतायत, मला काय कमी करावं तेही महत्त्वाचं वाटतं. फोन बघण्याची वेळ बांधली तेव्हा संध्याकाळी हरिपूरपर्यंत चालत जायला सवड मिळाली. संगमेश्वराला नमस्कार, कृष्णा-वारणेचं पाणी बघायचं आणि मागं फिरायचं.

सदरबझार
हार्वर्डचा तो प्रसिद्ध अभ्यास कोणीच कसा काढला नाही? १९३८ पासून त्याच माणसांच्या आयुष्याचा मागोवा घेत चालू आहे. सगळ्यात ठळक निष्कर्ष असा की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत जास्त निरोगी होते, आणि हा अंदाज कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा बरा निघाला. म्हणजे पोवईनाका, चालणं-लिहिणं सगळं ठीक, पण रोज एका माणसाला फोन करा.

मिरजेची_अरुंधती
चांगला अभ्यास आहे, पण सुरुवातीची माणसं सगळी अमेरिकन पुरुष होती हेही सांगा ना. आमच्याकडे पन्नाशीतल्या बाईला नात्यांची कमतरता नसते, नात्यांतून सुट्टी मिळत नाही.

सदरबझार
मान्य. पुढे बायका आणि मुलंही त्यात घेतली, पण मूळ पाया तोच. तरी मैत्रिणीशी रोज दहा मिनिटं बोलणं आणि सासरच्या बारशाला हजर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिलीबद्दल म्हणतोय.

गोडोली_डेअरी
फोनच कशाला? मी घरपोच दुधाची पिशवी बंद करून रोज सकाळी बरणी घेऊन डेअरीवर जाते. तिथं नेहमीचे सात-आठ जण असतात. नावं निम्म्यांची माहीत नाहीत. कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या नातवाचं, कुणाच्या गुडघ्याचं. दोन दिवस गेले नाही तर "वैनी, गावाला होता काय?" अशी चौकशी होते.

२०१४ साली सँडस्ट्रॉम आणि डन या दोघी मानसशास्त्रज्ञांचा कॉफीच्या दुकानातला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काउंटरवरच्या माणसाशी दोन शब्द बोलून कॉफी घेणाऱ्यांना, झटपट घेऊन निघणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं. आपल्याकडे तर मंडईत भाव केल्याशिवाय मेथी मिळायची नाही. आता स्कॅन करायचं, पैसे गेल्याचा आवाज आला की निघायचं. मी मुद्दाम थांबते आणि विचारते, "मावशी, मेथी कुठली, देगावची का?"

मुक्कामी_गाडी
मी एसटीत वाहक. ड्यूटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची. रोज सहा वाजता अमुक करा हे आम्हाला कधीच जमणार नाही. म्हणून मास्तरांचं प्रसंगाचं वाचून बरं वाटलं, मी तेच करत आलोय.

हिशेब देऊन, रोकड भरून डेपोच्या बाहेर आलो की घरी जायच्या आधी धाकट्या भावाला फोन. तो सुरतेला आहे. पाच मिनिटं. काही विशेष नसतं, आज कुठली गाडी होती, किती भरली होती, कोण भांडलं. तिकडून तो त्याच्या यंत्राचं सांगतो. आई गेल्यानंतर सुरू केलं. आधी आम्ही दिवाळीला आणि भाऊबीजेला बोलायचो. मधे जमिनीवरून ताण आला होता, तेव्हाही हा फोन चालू ठेवला, जमिनीचं फक्त त्यात बोलायचं नाही एवढं ठरवलं. वाटणी झाली, फोन चालू आहे.

शेंदूरजणे_पाटील
वाहकसाहेब, मन जिंकलं. माझा भाऊ शेजारच्या वाड्यात हाय, तरी म्हैना झाला बोलून.

मुक्कामी_गाडी
पाटील, मग तुम्हाला फोनचा पण खर्च नाही. जा की.

पोवईनाका
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ दोन्ही कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या. मावशी, तुम्ही म्हणाला नसता तर मी सवयींचा तक्ता करत बसलो असतो.

दुसरं, वांगी_भात ताईंचं वाचून मी घरात विचारलं की सकाळची वेळ बायकोला हवी आहे का. ती लगेच म्हणाली, सकाळ नको, रात्री नऊनंतर स्वयंपाकघर तुझं. मला कुणाशी न बोलता गच्चीत बसायचंय. तर आता ओटा, भांडी, दही लावणं, कडधान्य भिजत घालणं हे माझ्याकडे आहे. आणि खरं सांगतो, ते करताना मला बरं वाटतं. रेडिओ लावतो. बाबा येऊन खुर्चीत बसतात आणि त्यांच्या नोकरीतल्या बदल्यांचं सांगतात. आधी आम्ही दोघं टीव्हीसमोर गप्प असायचो. किल्लेदार, चढायला येईनच, पण आठवड्यातून दोनदा. चालेल का?

किल्लेदार_५२
चालेल. वार सांगा, बेल वाजवायला येतो. आणि ताई, पाचव्या घराचं विचारलं. डबा त्याची बायको भरते. चौघांनी मिळून त्याला पोळ्या शिकायला लावायचं ठरलंय, त्यानंही हो म्हटलंय.

वांगी_भात
पोवईनाकादादा, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

मावशी, बीपी १५० / ९६. पुन्हा दोनदा बघायला सांगितलंय. त्या आकड्यानं एक काम झालं, नणंदेला कागद दाखवला. ती विश्रामबागेतच राहते. आता मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी पाच ते सात ती सासूबाईंजवळ बसते. सासूबाईंनाही बरं वाटतंय, लेक येते म्हणून. नवऱ्यानं रात्रीची डायपरची पाळी घेतली आहे. आधी त्याला अवघड गेलं, आईचं करायचं म्हणून. आता करतो.

या दोन तासांत मी काही शिकत नाही की चालत नाही. आमराईत बाकावर बसते, शेंगा खाते. कधी शाळेतली मैत्रीण येते. रोजची सवय नाही ही, आठवड्यातली दोनदाची आहे, तरी धाग्यात चालेल ना?

डॉक्टर_मावशी
चालेल म्हणजे काय! पण शेंगा खारवलेल्या नकोत. पुढच्या मंगळवारी आमराईत जाताना वाटेत परत बीपी बघा आणि इथं लिहा.